उशाशी ठेवलेला कान

रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावरील काचेच्या खोलीत माझ्या उशाशी एक यंत्र ठेवलेले होते. आकाराने पंचपात्राएवढे, रंगाने पांढरे, आणि त्याचे काम एकच: मी जे काही बोलेन ते ऐकणे. त्याचे खरे नाव लांबलचक होते व ते कोणाच्याच जिभेवर बसले नव्हते. परिचारिका त्याला ‘कान’ म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

मी माहुलीचा यज्ञेश्वर सोवनी. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील आमच्या लहानशा पाठशाळेत मी चाळीस वर्षे ऋग्वेद शिकवीत आलो आहे. माझे अध्ययन घनापर्यंत झालेले आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण पुढचे सर्व त्यावरच अवलंबून आहे. घनपाठात ऋचेतील पदे सरळ म्हणत नाहीत. पहिले व दुसरे पद म्हणायचे, मग दुसरे व पहिले. मग पहिले, दुसरे, तिसरे. मग तिसरे, दुसरे, पहिले. आणि पुन्हा पहिले, दुसरे, तिसरे. त्यानंतर दुसऱ्या पदापासून हाच क्रम नव्याने. असे केल्याने एखादे पद गळाले किंवा जागा सोडून गेले तर ते तत्काळ उघडे पडते. पूर्वजांनी लेखणीवर विसंबून न राहता ग्रंथ सांभाळला तो या युक्तीने.

सदुसष्टाव्या वर्षी मला रक्ताचा कर्करोग झाला. रसायनांच्या उपचारांनी तो एकदा मावळला व आठ महिन्यांनी परतला. तेव्हा पुण्याच्या रुग्णालयातील डॉ. शर्मिष्ठा वाघचौरे यांनी पेशींचा उपचार सुचवला. त्यांचे वडील सिन्नरला शाळामास्तर होते, आणि समजावून सांगण्याची हातोटी त्यांना घरातूनच मिळाली असावी. त्यांनी सांगितले ते मला समजले तसे येथे मांडतो.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या रक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू त्या ओळखतात व मारतात. परंतु कर्करोगाची पेशी मुळात आपल्याच शरीरातून उपजलेली असते, म्हणून त्यांना ती परकी वाटत नाही. तेव्हा या टी-पेशी रुग्णाच्या रक्तातून गाळून काढतात. ज्याची रोग पसरवण्याची शक्ती काढून घेतली आहे अशा विषाणूच्या कवचातून त्यांच्या आत एक नवे जनुक पोहोचवतात. त्या जनुकाच्या आज्ञेने पेशीच्या अंगावर एक नवा ग्राहक, म्हणजे पकड घेणारा रेणू, उगवतो, आणि बी-पेशी नावाच्या दुसऱ्या रक्तपेशींवर जी विशिष्ट खूण असते तिला तो जाऊन चिकटतो. माझा रोग बी-पेशींचा होता. मग अशा पेशी कोट्यवधींनी वाढवून शिरेवाटे परत देतात. इतर औषधे शरीरात गेल्यावर कमी कमी होत जातात. हे औषध शत्रू भेटेल तसतसे वाढत जाते.

धोकाही त्या वाढीतच आहे. लढाई जुंपली की रक्तात दाहक द्रव्यांचा पूर येतो. ताप चढतो, रक्तदाब उतरतो, आणि काही रुग्णांच्या मेंदूला सूज येते. ती येते तेव्हा सर्वप्रथम बिघडते ती भाषा. मनुष्य तेच तेच शब्द उच्चारू लागतो, शब्दांचा क्रम उलटा लावतो, विचारलेल्याला उत्तर देत नाही. पूर्वी हे ध्यानात येईपर्यंत उशीर होई. म्हणून आता उशाशी कान ठेवतात, आणि पेशींच्या आतही एक कळ बसवलेली असते. ठरावीक औषध रक्तात सोडले की ती कळ दाबली जाते व त्या सर्व पेशी तासाभरात स्वतःला मोडून टाकतात. कानाच्या हिशेबाने बिघाड मर्यादेबाहेर गेला की औषधाचा पंप आपोआप सज्ज होतो. मग वीस मिनिटे मिळतात. तेवढ्या अवधीत डॉक्टरांनी स्वतः तपासून थांबवले तरच तो थांबतो.

मी विचारले की, कळ दाबली गेली तर पेशी पुन्हा देता येतील काय?

डॉक्टर म्हणाल्या की माझ्या बाबतीत नाही. रसायनांनी माझ्या पेशी आधीच क्षीण झाल्या होत्या. पहिल्या खेपेस प्रयोगशाळेत त्या वाढल्याच नव्हत्या आणि दुसऱ्या खेपेस जेमतेम एका मात्रेपुरत्या मिळाल्या होत्या. ती मात्रा गेली तर माझ्यापाशी चार-सहा महिने उरतील.

“आणि वाणी?” मी विचारले.

“बहुतेकांची बिघडते ती परत येते, गुरुजी. सगळी येईलच असं मी लिहून देणार नाही.”

मी पत्नीकडे पाहिले. इंदुमती चव्वेचाळीस वर्षे माझ्या घरी वेदांचे आवाज ऐकत भात शिजवीत आली आहे. ती म्हणाली, “तुम्ही आधी राहा. ऋचांचं मागाहून बघू.”

मी सही केली.

पेशी देण्यास अर्धा ताससुद्धा लागला नाही. लहानशी पिशवी, पाण्यासारखा पातळ, किंचित गढूळ द्रव. पुढचे तीन दिवस काही घडले नाही. सांगलीकडच्या धनवडे नावाच्या सिस्टर रोज सकाळी येऊन दहा गुणांची परीक्षा घेत: नाव, गाव, साल, महिना, पेन, घड्याळ व चष्मा ओळखणे, दोन बोटे दाखवणे, शंभरापासून दहा-दहाने मागे येणे, आणि कागदावर एक वाक्य लिहिणे. मी रोज एकच वाक्य लिहीत असे: कृष्णा आणि वेण्णा माहुलीला मिळतात.

“काका, दुसरं काहीतरी लिवा की,” त्या म्हणत. “रोज नद्याच मिळत्यात तुमच्या.”

चौथ्या दिवशी सकाळी अंगात थोडा ताप होता. तरीही स्नानाऐवजी हात-पाय पुसून मी ऋचांच्या नित्य आवृत्तीला बसलो. सातव्या वर्षी मुंज झाल्यापासून ती चुकलेली नाही. आवाज अगदी खाली ठेवला होता. तिसऱ्या ऋचेच्या घनात होतो, तोच उशाचे यंत्र लाल झाले आणि पलंगाजवळचा पंप घुरघुरू लागला. धनवडे सिस्टर धावत आल्या व त्यांनी माझे नाव विचारले.

मी उत्तर दिले नाही. अर्धी ऋचा पुरी होईपर्यंत मध्ये लौकिक शब्द बोलायचा नाही, ही आमची रीत. लहानपणी या रीतीसाठी मी वेताच्या छड्या खाल्ल्या आहेत, आणि पुढे मुलांना त्या दिल्याही आहेत. मी हात वर करून त्यांना थांबण्याची खूण केली आणि म्हणत राहिलो. काही झाले तरी ते एकदोन मिनिटांचेच काम, असे मला वाटले. परंतु त्या ऋचेची पदे लांबट होती आणि घनात अर्ध्या ऋचेला किती वेळ लागतो याचा सिस्टरांना अंदाज असण्याचे कारण नव्हते. त्यांना दिसत होता तो एक तापलेला म्हातारा: तेच तेच शब्द उलटसुलट पुटपुटणारा, नाव विचारले तर हात हलवणारा. त्यांनी डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टर दुसऱ्या इमारतीत होत्या. काचेपलीकडून इंदुमतीने हा सगळा प्रकार पाहिला आणि भिंतीवरचा फोन उचलून आतल्या ध्वनिक्षेपकातून सांगितले, “सिस्टर, ते भ्रमले नाहीत. ते घन म्हणतायत. असंच असतं ते.” आणि मग मला, चव्वेचाळीस वर्षांत कधी न वापरलेल्या स्वरात: “अहो, पुरे करा.”

मी अर्धी ऋचा पुरी केली. नंतर माझे नाव, गाव, साल व महिना सांगितला. डॉक्टर धापा टाकत आत आल्या, दहाच्या दहा प्रश्न विचारले, आणि पंप बंद केला. तेव्हा वीसपैकी चार मिनिटे उरली होती.

त्या रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या. आमच्या रीतीपायी माझा जीव जाता जाता राहिला, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले, आणि पुढचे दहा दिवस आवृत्ती बंद ठेवा असे सुचवले. मी ते मान्य करण्याच्या बेतात होतो. मग त्यांनीच त्या यंत्राकडे पाहून विचारले, “यातलं एखादं पद चुकलं तर तुमच्या लक्षात येतं?”

मी म्हटले, येते.

“तुमचं रोजचं बोलणं बिघडायच्या आधी हे बिघडेल. इतकं अवघड काही माझे दुसरे पेशंट बोलत नाहीत. सूज सुरू होताच कळलं तर स्टिरॉइडचे थोडे डोस पुरतात, कळ दाबावी लागत नाही. पण मेंदूच बिघडला तर तुमची चूक तुम्हाला कशी कळणार? कुणीतरी दुसऱ्यानं ऐकायला हवं. आहे कोणी?”

हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. माझे आताचे विद्यार्थी अजून घनाच्या बऱ्याच आधीच्या क्रमपाठापर्यंतच आले आहेत. आमच्याच परंपरेतले एक घनपाठी गोकर्णाला आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. उरला केदार आठल्ये.

केदार नवव्या वर्षी माझ्याकडे आला आणि तेविसाव्या वर्षी गेला. जाण्याचे कारण असे. दोघे घनपाठी समोरासमोर बसून आवृत्ती करतात तेव्हा एकाची चूक झाली तर दुसरा तोंडाने काही बोलत नाही; तो फक्त उजव्या हाताची तर्जनी वर करतो. म्हणणाऱ्याने थांबायचे, मागच्या पदापासून पुन्हा सुरुवात करायची. अकरा वर्षांपूर्वी माहुलीत मोठे पारायण झाले. सभेला चार गावांचे वैदिक होते. समोर केदार होता. मध्येच त्याचे बोट वर गेले. मी थांबलो नाही. ते बोट बराच वेळ वर राहिले, आणि मी पुढे म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितले की तुझी संथा संपली आहे. तो नमस्कार करून निघून गेला.

त्याच संध्याकाळी नदीवर एकटा बसून मी ती जागा घोळून पाहिली होती. त्याचे बोट बरोबर होते. हे मी कोणालाही सांगितले नाही.

डॉक्टरांना मी एवढेच म्हटले की एक आहे, परंतु त्याचा पत्ता ठाऊक नाही. त्यावर काचेपलीकडून इंदुमतीने पत्ता सांगितला. केदार पुण्यातच एका महाविद्यालयात संस्कृत शिकवीत होता, आणि दर दिवाळीला ती त्याच्याशी फोनवर बोलत होती. हे मला त्या दिवशी कळले.

तो दुसऱ्या दिवशी पहाटे आला. निळा रुग्णालयी अंगरखा, तोंडाला पट्टी. डोळ्यांवरून मी त्याला ओळखले. त्याने वाकून नमस्कार केला आणि खुर्ची पलंगासमोर ओढली. डॉक्टरांनी त्याला काम समजावून दिले: आवृत्तीच्या वेळी त्या स्वतःच्या जबाबदारीवर कान बंद ठेवतील, या काळात ऐकण्याचे काम त्याचे, चूक झाली तर लगेच सांगायचे.

“मी दाखवीन,” केदार म्हणाला. “गुरुजी थांबतील का, ते त्यांना विचारा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना कान बंद करण्याची खूण केली आणि पहिली ऋचा सुरू केली.

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. ताप एकशे तीनपर्यंत चढून औषधाने उतरला. रोज सकाळ-संध्याकाळ केदार येई, तासभर समोर बसे, आणि नमस्कार करून जाई. आमच्यात दुसरे बोलणे होत नसे. इंदुमती त्याला बाहेर डब्यातला मेतकूट-भात वाढी. तो तिच्याशी हसून बोलताना मला काचेतून दिसे. मला बाहेरचे अन्न वर्ज्य होते. एकदा तो आत आला तेव्हा त्याच्या अंगरख्याच्या बाहीला मेतकुटाचा पिवळा डाग होता, आणि धनवडे सिस्टरांनी त्याला अंगरखा बदलायला परत पाठवले.

सातव्या दिवशी सकाळी सिस्टरांनी परीक्षा घेतली. दहापैकी दहा. नद्या माहुलीला मिळाल्या. डॉक्टरांनी येऊन कान बंद केला आणि मी आवृत्तीला सुरुवात केली. त्या दिवशी मला विशेष मोकळे वाटत होते, आवाजही बरा लागला होता. दुसऱ्या ऋचेत केदारचे बोट वर गेले.

मी थांबलो नाही. याला या वेळी अहंकार कारण नव्हता. मला खरोखरच चूक ऐकू आली नाही. सगळी पदे माझ्या कानांना जागच्या जागी लागत होती. माझ्या मनात आले की हा घाबरला आहे, किंवा अकरा वर्षांत विसरला आहे. मी पुढे गेलो. बोट खाली गेले आणि पुन्हा वर आले. या वेळी ते वरच राहिले.

तेव्हा मी थांबलो.

तो डॉक्टरांकडे वळून म्हणाला की तिसऱ्या पदाशी पोहोचल्यावर परतीचा टप्पा गळतो आहे. एकदा नाही, दोनदा. डॉक्टरांनी यंत्र चालू केले व माझ्याशी बोलत राहिल्या. कान हिरवाच राहिला. त्यांनी पुन्हा दहा प्रश्न विचारले. दहापैकी दहा. मग त्यांनी आपली अडचण मांडली. स्टिरॉइड देणे हे फुकटचे नाही. त्याने सूज उतरते तसे पेशींचे बळही खचते, आणि माझ्याजवळ पेशी मुळातच थोड्या होत्या. यंत्र म्हणत होते की मी ठीक आहे. परीक्षा म्हणत होती की मी ठीक आहे. एकटा केदार म्हणत होता की नाही.

“गुरुजी, तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी विचारले. “चूक झाली?”

चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आलो होतो की आपल्या कानावर विश्वास ठेवा. माझा कान त्या क्षणी स्वच्छ सांगत होता की पाठ शुद्ध आहे. नदीवरच्या त्या संध्याकाळीही तो स्वच्छ होता. फक्त सभेत अभिमानापायी मी स्वतःच्या कानाचे ऐकले नव्हते. या वेळी मात्र कान बाजूला ठेवून बोटाचे ऐकावे लागणार होते.

“मला चूक सापडत नाही,” मी म्हणालो. “पण चूक झाली आहे. केदारचं बोट वर गेलं म्हणजे झाली आहे.”

डॉक्टरांनी पहिला डोस दिला तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते.

पुढचे मला आठवत नाही. इंदुमतीने सांगितले ते असे. साडेअकराला मी पेनाला घड्याळ म्हटले. बाराला सिस्टरांनी कागद पुढे केला, तेव्हा मी ‘कृष्णा कृष्णा कृष्णा’ असे लिहीत गेलो आणि अक्षरे कागदाच्या कडेवरून चादरीवर उतरली. एकला मी बोलेनासा झालो. कान लाल झाला, परंतु आकडा मर्यादेच्या आसपासच घुटमळत राहिला, कारण औषधाला सव्वाचार तासांची आघाडी मिळाली होती. पंप दोनदा घुरघुरला, आणि दोन्ही वेळा तपासून डॉक्टरांनी तो थांबवला. दोन दिवस मी डोळे उघडे ठेवून गप्प पडून होतो. केदार दोन्ही दिवस समोरच्या खुर्चीवर बसून हळू आवाजात संहिता, म्हणजे ऋचांचा सरळ पाठ, म्हणत होता. धनवडे सिस्टरांनी त्याला बजावले होते, “तुम्ही सरळच म्हणा हो. उलटं म्हणू नका, त्याला पुन्हा झटका यायचा.” हे सांगताना त्यांनी हात यंत्राकडे केला होता.

तिसऱ्या दिवशी मी पाणी मागितले.

अठ्ठाविसाव्या दिवशी अस्थिमज्जेची तपासणी झाली. कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या पेशी मात्र रक्तात अजून फिरत होत्या. त्या पुढे किती वर्षे राहतील हे ठामपणे सांगता येत नाही असे त्या म्हणाल्या. मला ते पुरेसे होते.

वाणी परत आली. सगळी मात्र आली नाही. घरी येऊन मी मंडलांमागून मंडले तपासली तेव्हा सातव्या मंडलातली अकरा सूक्ते जागेवर नव्हती. पोथीत पाहिली की ओळखीची वाटत, मिटली की जात. काठी टेकीत ओसरीवर फेऱ्या घालून मी महिनाभर प्रयत्न केला. शेवटी केदारला निरोप पाठवला.

माघातल्या एका सकाळी तो माहुलीला आला. पाठशाळेच्या ओसरीवर विद्यार्थी जमलेले होते. अकरा वर्षांपूर्वी सभा भरली ती जागा हीच. मी उभा राहून त्यांना सांगितले की त्या दिवशी केदारने बोट वर केले ते योग्य होते, मला त्याच संध्याकाळी कळले होते, आणि मी गप्प राहिलो. एवढे सांगायला फार वेळ लागला नाही. केदार खाली पाहत होता.

मग मी त्याला माझ्या जागेवर बसायला सांगितले आणि स्वतः विद्यार्थ्यांच्या ओळीत मांडी घातली. तो बसेना.

“गुरुजी, हे मला जमायचं नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला मी संथा काय देणार?”

ओसरीच्या दारातून इंदुमती म्हणाली, “बस रे. भाताला आधण ठेवलंय, तोवर दोन तरी ऋचा होऊ देत.”

तो बसला. आमच्या रीतीप्रमाणे गुरूने पद एकदा म्हणायचे आणि शिष्याने दोनदा. त्याने पहिल्या सूक्ताचे पहिले पद दिले. मी ते दोनदा म्हटले. त्याने दुसरे दिले. आवाज त्याचा होता, पण लकब माझीच होती, आणि माझ्या गुरूंची. पहिली ऋचा झाली, दुसरी झाली. तिसरीत त्याचे बोट वर गेले.

मला चूक ऐकू आली नव्हती. मी थांबलो, आणि मागच्या पदापासून पुन्हा सुरुवात केली.